पाणथरी फाटली तरी डॉक्टर लगेच ऑपरेशन का करत नाहीत?

ज्यांना एपिसोड पूर्ण ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा ज्यांची लोकलमध्ये बरोबर मधेच रेंज जाते, त्यांच्यासाठी हा नेहमीसारखा लिहिलेला भाग. बोलताना झालेली अडखळ काढून टाकली आहे, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, दिवसभर कोड लिहितो आणि आठवड्यातून एकदा रात्री सर्व्हरवर लक्ष ठेवायची ड्यूटी असते. मग आज पोटाच्या दुखापतीवर का बोलतोय? कारण माझा आतेभाऊ. गेल्या दिवाळीत त्याच्यामुळे मी आठ दिवस हॉस्पिटलच्या बाकावर बसलो. तिथे जे समजलं, ते आधी माहीत असतं तर आमच्या घरातली निम्मी भांडणं झाली नसती. आणि एक चूक आम्ही जवळपास केलीच होती, तिची वेळही आली नसती.

झालं काय होतं

भाऊ २२ वर्षांचा. गावाच्या फाट्यावर वळताना खडीवरून बाईक घसरली. हेल्मेट होतं, डोक्याला काही नाही. हँडलचं टोक मात्र डाव्या बरगड्यांच्या खाली जोरात बसलं. पठ्ठ्या उठला, कपडे झटकले आणि तीच बाईक चालवत घरी आला. बाहेरून जखम म्हणाल तर कोपराला खरचटलेलं, बस्स.

संध्याकाळी म्हणायला लागला, डावा खांदा दुखतोय. आत्याला वाटलं पडताना मुरगळला असेल, तिनं मलम चोळून दिलं. जेवायला उठला तर चक्कर आली. चेहरा पांढरा पडला होता. शेजारच्या ताई आरोग्य केंद्रात सिस्टर आहेत. त्यांनी नाडी धरली आणि एकच वाक्य बोलल्या, "याला आत्ताच्या आत्ता न्या." नाडी ११८ होती.

तालुक्याच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. पोटात रक्त. सलाईन लावली आणि ॲम्ब्युलन्सनं जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. तिथे सीटी स्कॅन झाला आणि निदान आलं: पाणथरी फाटली आहे, ग्रेड ३.

आमची अपेक्षा काय? फाटली आहे म्हणजे आता पोट उघडणार, शिवणार. डॉक्टर म्हणाले, "सध्या ऑपरेशन नाही. आयसीयूमध्ये ठेवून लक्ष ठेवू." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काकांचा संयम संपला. "नुसतं झोपवून ठेवलंय पोराला. ऑपरेशन तरी करा, नाहीतर घरी तरी सोडा!" फॅमिली ग्रुपवर तर कुणीतरी लिहिलंही, की बिल वाढवायचे धंदे आहेत.

आजचा एपिसोड काकांच्या त्या वाक्याला उत्तर आहे.

पाणथरी म्हणजे नक्की काय?

पाणथरी, किंवा पुस्तकी भाषेत प्लीहा. पोटाच्या वरच्या भागात डावीकडे, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड लपलेला मुठीएवढा मऊ अवयव. वजन साधारण १५० ते २०० ग्रॅम. वर पातळ आवरण आणि आत रक्तानं भरलेला स्पंजसारखा भाग.

ती दोन मुख्य कामं करते. पहिलं, म्हाताऱ्या झालेल्या तांबड्या पेशी गाळून काढणं. दुसरं, रक्तात शिरलेले जंतू पकडणं. काही जंतूंच्या अंगावर गुळगुळीत कवच असतं, त्यामुळे ते इतर ठिकाणी सहज निसटतात. त्यांना पकडण्यात पाणथरीचा हात कुणी धरू शकत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता अडचण अशी, की हृदय जेवढं रक्त बाहेर ढकलतं त्यातलं सुमारे ५ टक्के या एवढ्याशा अवयवातून जातं. म्हणजे मिनिटाला साधारण पाव लिटर. त्यामुळे बाहेरून मार बसून पोटातले जे अवयव फाटतात, त्यात पाणथरी आणि यकृत सगळ्यात वर असतात. बाईकचं हँडल, लहान मुलांच्या सायकलचं हँडल, कारची धडक, कबड्डीतला गुडघा, दहीहंडीच्या थरावरून पडणं, काहीही कारण पुरतं. बाहेर कापलेलं नसतं, रक्त दिसत नाही. जे काही व्हायचं ते आत होत असतं.

आणि तो खांदा? पाणथरीतून वाहिलेलं रक्त छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला खालून लागतं. त्या पडद्याच्या नसा मानेतून येतात, आणि खांद्याच्या वरच्या भागाच्या नसाही मानेतल्या त्याच पातळीवर पोचतात. मेंदूचा पत्ता चुकतो. दुखतं पोटात, वाटतं खांद्यात. डॉक्टरी भाषेत याला केरचं लक्षण म्हणतात. आमच्या घरात त्यावर मलम चोळलं गेलं.

पहिला प्रश्न स्कॅनचा नसतोच

मला वाटायचं, सगळा निर्णय स्कॅनमधल्या फोटोवर होत असेल. जास्त फाटलं तर ऑपरेशन, कमी फाटलं तर नाही. तसं नसतं. पहिला प्रश्न असतो: माणूस स्थिर आहे का? म्हणजे नाडी, बीपी, श्वास, शुद्ध हे सगळं धरून आहे, की हातातून सुटत चाललंय?

इथे आपण सगळे एका गोष्टीत फसतो. "बीपी नॉर्मल आहे ना, मग काही नाही."

साधारण ७० किलोच्या माणसात ५ लिटर रक्त असतं. त्यातलं १५ टक्के, म्हणजे पाऊण लिटरपर्यंत गेलं, तर बीपी आणि नाडीत फारसा फरकच पडत नाही. १५ ते ३० टक्के गेलं की नाडी शंभरच्या वर जाते, पण बीपी अजूनही बऱ्यापैकी टिकून असतं. बीपी धाडकन खाली येतं ते साधारण ३० टक्क्यांनंतर, म्हणजे दीड लिटर रक्त गेल्यावर. तरुण माणसाचं शरीर तर रक्तवाहिन्या आवळून, हृदय पळवून शेवटपर्यंत किल्ला लढवतं आणि मग एकदम कोसळतं.

माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर बीपी हा उशिरा वाजणारा अलार्म आहे. नाडी आधी बोलते. शेजारच्या ताईंनी फक्त नाडी मोजली आणि ओळखलं, ते यामुळेच.

हिमोग्लोबिनचंही तेच. अपघातानंतर लगेच तपासलं तर ते छान येऊ शकतं. कारण रक्त जाताना पेशी आणि पाणी दोन्ही एकत्रच जातात, उरलेल्या रक्ताचा दाटपणा तसाच राहतो. नंतर शरीर पाणी ओढून घेतं किंवा सलाईन चढते, तेव्हा आकडा उतरतो. म्हणून एकच रिपोर्ट बघून चालत नाही, काही तासांनी पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. "किती वेळा रक्त काढणार याचं?" असं आत्या विचारत होती, त्याचं उत्तर हे.

मग सोनोग्राफी आणि सीटी कशाला?

अपघात विभागात खाटेजवळच एक झटपट सोनोग्राफी करतात. हृदयाभोवती, यकृताच्या खाली, पाणथरीजवळ आणि ओटीपोटात, अशा चार ठिकाणी रक्त साचलंय का एवढंच त्यात बघतात. काही मिनिटांचं काम. पण नेमकं काय फाटलंय हे ती नीट सांगत नाही, आणि रक्त थोडंच असेल तर चुकूही शकते.

सलाईन, रक्त देऊनही माणूस सावरत नाहीये आणि सोनोग्राफीत पोटात रक्त दिसतंय, तर सीटीची वाट बघत नाहीत. थेट ऑपरेशन थिएटर. अशा माणसाला स्कॅनच्या खोलीत नेणं हाच धोका असतो.

माणूस स्थिर असेल तर मात्र शिरेतून रंगद्रव्य देऊन सीटी काढतात आणि त्यावरून ग्रेड ठरते. अमेरिकन असोसिएशन फॉर द सर्जरी ऑफ ट्रॉमा या संस्थेची ही पाच पायऱ्यांची मोजपट्टी जगभर वापरतात. सोप्या शब्दांत ती अशी:

ग्रेड १: एक सेंटीमीटरपेक्षा कमी खोल चीर, किंवा आवरणाखाली छोटीशी गाठ.
ग्रेड २: एक ते तीन सेंटीमीटर खोल चीर, किंवा निम्म्या पृष्ठभागापर्यंत पसरलेली गाठ.
ग्रेड ३: तीन सेंटीमीटरपेक्षा खोल चीर, किंवा निम्म्याहून जास्त पृष्ठभागावर गाठ.
ग्रेड ४: मोठ्या शाखांना इजा होऊन पाव भागापेक्षा जास्त पाणथरीचा रक्तपुरवठा तुटलेला.
ग्रेड ५: पाणथरीचे तुकडे.

२०१८ साली या मोजपट्टीत एक महत्त्वाची भर पडली. चिरेच्या खोलीसोबत रक्तवाहिनीची अवस्थाही मोजायला लागले. स्कॅनमध्ये रंगद्रव्य वाहिनीबाहेर सांडताना दिसलं, किंवा फाटलेल्या वाहिनीवर फुगा आलेला दिसला, तर ग्रेड थेट ४ धरतात. रक्त आवरण ओलांडून पोटात सांडत असेल तर ५.

तरीसुद्धा, ग्रेड ४ म्हणजे ऑपरेशन असं समीकरण नाही. ग्रेड मोठी तितकी निरीक्षण फसण्याची शक्यता जास्त, एवढंच ती सांगते. ऑपरेशनचा शेवटचा शब्द पुन्हा माणसाच्या स्थितीचाच.

एकेकाळी सगळ्यांचीच काढून टाकायचे

एमिल थिओडोर कोखर हे स्विस सर्जन. थायरॉइडवरच्या कामासाठी १९०९ चं नोबेल मिळालेले, म्हणजे माणूस लहानसहान नाही. त्यांचं मत असं होतं, की पाणथरी काढल्यानं काहीच बिघडत नाही, तेव्हा दुखापत झाली की काढून टाका. पुढची अनेक दशकं जग तसंच चाललं. तेव्हा सीटी नव्हता, आत काय चाललंय ते दिसायचं नाही. त्यामुळे त्यांचं पूर्ण चुकलं असंही म्हणता येत नाही.

१९५२ मध्ये किंग आणि शूमाकर या दोघांनी एक लेख प्रसिद्ध केला. रक्ताच्या एका जन्मजात आजारासाठी पाणथरी काढलेल्या पाच तान्ह्या बाळांना नंतर भयंकर जंतुसंसर्ग झाला होता. म्हणजे पाणथरी काढली तर बिघडतं!

मग मुलांच्या डॉक्टरांनी विचार सुरू केला, की काढायलाच हवी का? टोरोंटोच्या मुलांच्या हॉस्पिटलात काही मुलं ऑपरेशनशिवाय बरी होत होती. १९६८ मध्ये उपाध्याय आणि सिम्पसन यांनी तिथला अनुभव लिहून प्रसिद्ध केला. त्यातले उपाध्याय आपल्याकडचे, पुढे दिल्लीच्या एम्समध्ये नावाजलेले बालशल्यचिकित्सक. पाणथरी वाचवण्याच्या या विचारात एका भारतीय डॉक्टरचा हात आहे, हे मला हॉस्पिटलच्या बाकावर बसून मोबाईलवर वाचताना कळलं आणि उगाच छाती फुगली.

मुलांवरून गोष्ट मोठ्यांवर आली. सीटी स्कॅन सर्रास व्हायला लागल्यावर डॉक्टरांना न कापता आतलं दिसायला लागलं. आज स्थिर रुग्णासाठी ऑपरेशनशिवायचा रस्ताच पहिला मानतात. नीट निवडलेल्या मोठ्या माणसांमध्ये दहापैकी नऊच्या आसपास वेळा तो यशस्वी होतो, मुलांमध्ये त्याहूनही जास्त.

"नुसतं झोपवून ठेवलंय" म्हणजे काय काय चालू असतं

आता काकांकडे येऊ. आम्हाला खाटेवर पडलेला मुलगा दिसत होता. प्रत्यक्षात काय चालू होतं बघा.

नाडी आणि बीपी सुरुवातीला सतत मॉनिटरवर. हिमोग्लोबिन दर काही तासांनी. सर्जन दिवसातून अनेकदा येऊन पोट दाबून बघणार, कडक होतंय का, दुखणं वाढतंय का. पाणथरीसोबत आतड्याला इजा झाली असेल तर ती स्कॅनमध्ये सुटू शकते, म्हणून हात लावून बघणं थांबत नाही. पहिल्या दिवशी तोंडानं काही नाही, कारण कधीही भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं. रक्तपेढीत त्याच्या गटाचं रक्त जुळवून राखून ठेवलेलं. आणि ऑपरेशन थिएटर, सर्जन, भूलतज्ज्ञ चोवीस तास हाकेच्या अंतरावर.

म्हणजे ऑपरेशनची सगळी तयारी होती. फक्त सुरी लावलेली नव्हती.

आमच्या रात्रीच्या ड्यूटीतही नेमकं हेच असतं. सर्व्हर हळू चाललाय पण चालू आहे, तर घाईत सगळं रीस्टार्ट करत नाही. स्क्रीनवर डोळे लावून बसायचं, आणि कुठला आकडा कुठे गेला की काय करायचं ते आधीच ठरवून ठेवायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हा नुसता बसलाय.

हे किती दिवस? निरीक्षण फसतं तेव्हा बहुतेक वेळा ते पहिल्या काही दिवसांतच फसतं. पण थोडे रुग्ण असे असतात ज्यांची पाणथरी दोन दिवस शांत राहून मग अचानक फुटते. आवरणाखाली साचलेली गाठ एकदम सुटते, किंवा तो वाहिनीवरचा फुगा फुटतो. म्हणून "आता बरं वाटतंय, घरी जाऊ" हे रुग्णाच्या वाटण्यावर सोडत नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी

दुसऱ्या दिवशी रात्री आमच्याकडे खरंच सही करून घरी न्यायची चर्चा झाली. काका ठाम होते. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टर मॅडमनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि कागदावर पाणथरीचं चित्र काढून वीस मिनिटं समजावलं. काका कुरकुरत का होईना, थांबले.

तिसऱ्या दिवशी सकाळी हिमोग्लोबिन जवळपास दोननं उतरलं. नाडी पुन्हा वाढायला लागली होती. भाऊ म्हणत होता, मला काही होत नाहीये. पुन्हा सीटी केला, तर चिरेजवळच्या वाहिनीवर फुगा. ग्रेड ३ ची ४ झाली.

आम्हाला वाटलं, आता तरी पोट उघडणार. तर डॉक्टरांनी तिसराच रस्ता सांगितला: एम्बोलायझेशन.

यात मांडीच्या सांध्यातल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी आत सरकवतात. एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत ती पाणथरीच्या धमनीपर्यंत नेतात आणि तिथे धातूची बारीक स्प्रिंगसारखी कॉइल किंवा दुसरं काही साहित्य सोडून रक्ताची वाट बंद करतात. नेमकी फुटलेली शाखा बंद करता येते, किंवा मुख्य धमनीत कॉइल टाकून आतला दाब कमी करता येतो. मला प्रश्न पडला होता, की मुख्य धमनीच बंद केली तर पाणथरी मरणार नाही का? तर नाही. जठराच्या बाजूनं येणाऱ्या छोट्या धमन्यांमधून तिला जगण्यापुरतं रक्त मिळत राहतं. नळ बारीक केला, पाणी तोडलं नाही, असं समजा.

ही युक्तीसुद्धा १९८० च्या दशकात रुळायला लागली. धोका शून्य नाही. नंतर दुखणं, ताप, पाणथरीचा काही भाग मरणं, क्वचित पू होणं हे होऊ शकतं. पण पोट उघडावं लागत नाही आणि पाणथरी बहुतेक वेळा काम करत राहते. भावाचं तासाभरात झालं. आठव्या दिवशी घरी आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हॉस्पिटलऐवजी घरी असतो तर? आमचं गाव तिथून दीड तास लांब आहे. या वाक्याच्या पुढे मी कधी विचार करत नाही. काकाही करत नाहीत, पण तो ग्रुपवरचा मेसेज त्यांनी डिलीट करायला लावला.

मग ऑपरेशन चुकीचं का? अजिबात नाही

हे ऐकून कुणी उद्या डॉक्टरांशी भांडू नका, की आमच्या पेशंटची पाणथरी वाचवाच. माणूस कोसळत असेल तर पाणथरी काढणं हाच जीव वाचवायचा रस्ता. आतडं फाटल्याची शंका असेल तरी पोट उघडावं लागतं. जमलं तर सर्जन ती शिवतात किंवा काही भाग राखतात, पण रक्त थांबत नसेल तर त्यात वेळ घालवत नाहीत.

अजून एक गोष्ट जागेची. निरीक्षणाचा रस्ता तिथेच सुरक्षित, जिथे आयसीयू आहे, रक्त आहे आणि रात्री तीन वाजता सर्जन मिळतो. हे नसेल तर वेळेत पुढे पाठवणं योग्य. पाठवण्याइतका वेळ नसेल तर आहे तिथे ऑपरेशन करणंही योग्य. तालुक्याच्या डॉक्टरांनी आम्हाला पुढे पाठवलं तेव्हा आम्ही "जबाबदारी झटकली" म्हणालो होतो. त्यांनी बरोबर केलं होतं.

आधीच सुजलेली पाणथरी

मलेरिया वारंवार झाला की पाणथरी मोठी होते, बरगड्यांच्या बाहेर येते आणि साध्या धक्क्यानंही फाटू शकते. इंग्रजांच्या काळात याचा एक काळाकुट्ट वापर झाला. १८७६ मध्ये आग्र्याच्या फुलर नावाच्या इंग्रज वकिलाचं प्रकरण गाजलं. त्यानं मारलेला त्याचा मोतद्दार, म्हणजे घोडे सांभाळणारा नोकर, पाणथरी फुटून मेला. शिक्षा काय? ३० रुपये दंड. कारण पाणथरी आधीच आजारी होती म्हणे. व्हाइसरॉय लिटननं या निकालावर जाहीर नाराजी दाखवली, इतका तो उघडा अन्याय होता.

आपल्याकडे गडचिरोलीसारख्या भागात मलेरिया अजून आहे. तेव्हा पाणथरी वाढलेली असल्याचं ज्याला डॉक्टरांनी सांगितलंय, त्यानं पोटावरचा छोटा मारही छोटा समजू नये.

पाणथरी काढली असेल तर

पाणथरीशिवाय माणूस नॉर्मल आयुष्य जगतो. नोकरी, लग्न, खेळ, सगळं. पण ते कवचवाले जंतू आठवतात ना? त्यांच्यासाठीचा पहारेकरी गेलेला असतो. क्वचित होणारा, पण झाला तर तासांमध्ये बिघडणारा संसर्ग असतो. सुरुवात साध्या तापासारखी, आणि एक-दोन दिवसांत माणूस शॉकमध्ये. असा संसर्ग झालेल्यांपैकी निम्म्यापर्यंत लोक दगावू शकतात. हा धोका आयुष्यभर राहतो.

म्हणून तीन गोष्टी.

एक, लसी. न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल आणि हिब. अचानक ऑपरेशन झालं असेल तर साधारण १४ दिवसांनी देतात. पेशंट परत येईल याची खात्री नसेल तर घरी सोडतानाच देतात. दरवर्षी फ्लूची लसही घ्यायला सांगतात. काही लसी काही वर्षांनी पुन्हा घ्याव्या लागतात, तो तक्ता डॉक्टरांकडून लिहून घ्या.

दोन, ताप. थंडी वाजून ताप आला तर "उद्या बघू" नाही. त्याच दिवशी, त्याच रात्री हॉस्पिटल, आणि पहिलं वाक्य "माझी पाणथरी काढलेली आहे". मलेरियाही अशा माणसाला जास्त जड जातो, तेव्हा मच्छरदाणी वापरा. कुत्रा चावला तर रेबीजच्या इंजेक्शनसोबत पाणथरीचंही सांगा, कारण कुत्र्याच्या लाळेतला एक जंतू या लोकांना विशेष घातक असतो.

तीन, मोबाईल. आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये लॉक न उघडता दिसणारी आपत्कालीन माहिती भरायची सोय असते. तिथे लिहून ठेवा. पाकिटातही एक चिठ्ठी ठेवा.

पाणथरी वाचली असेल तर

घरी आल्यावर खरी परीक्षा. दोन आठवड्यांत एकदम ठणठणीत वाटतं, पण आतली जखम अजून भरत असते. मुलांसाठी बरीच वर्षं एक सोपा हिशोब वापरात आहे: ग्रेड अधिक दोन, तेवढे आठवडे मैदानी खेळ बंद. मोठ्यांना साधारण दीड ते तीन महिने जड उचलणं, जिम, कबड्डी, फुटबॉल, बाईक बंद ठेवायला सांगतात. तारीख तुमच्या डॉक्टरांची. दुखतंय म्हणून मेडिकलमधून कुठलीही गोळी आणू नका, काही वेदनाशामक गोळ्यांनी रक्त जास्त वाहू शकतं. आणि पोटात दुखणं वाढलं, चक्कर आली, डावा खांदा दुखायला लागला, घाम फुटला, तर फोनवर सल्ले विचारत बसू नका. १०८ ला फोन करा.

जाता जाता

तुम्ही बाईकवर फिरणारे लोक आहात, म्हणून एवढं नक्की लक्षात ठेवा. पोटाच्या डाव्या बाजूला जोरात मार बसला असेल तर बाहेर जखम नाही म्हणून घरी झोपू नका. नाडी मोजा: मनगटावर दोन बोटं, पूर्ण एक मिनिट. शांत बसलेल्या तरुणाची नाडी शंभरच्या वर राहत असेल, तर बीपी कितीही छान असो, हॉस्पिटल गाठा. नाडी ठीक असली तरी दुखणं, चक्कर किंवा खांद्याचं ते विचित्र दुखणं असेल तर तेव्हाही गाठा.

आणि डॉक्टर म्हणाले "ऑपरेशन नको, लक्ष ठेवू", तर त्यांना चार प्रश्न विचारा. ग्रेड कितवी? रक्त कुठे सांडताना दिसतंय का? पुढची तपासणी कधी? कुठला आकडा कुठे गेला तर तुम्ही ऑपरेशन कराल? या चारांची उत्तरं मिळाली की पेशंट "नुसता झोपवून ठेवलेला" वाटत नाही.

भाऊ आता मजेत आहे. बाईक परत चालवतो, खडीवर मात्र म्हाताऱ्यासारखा हळू जातो. आणि काका? गावात कुणी पडलं-झडलं की सगळ्यात आधी ते जाऊन नाडी धरतात.

हा भाग तुमच्या फॅमिली ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर सांभाळून चालवा!